औदुंबर : पूजा, परीक्षा आणि पालन

(वनौषधींविषयीच्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा शब्दबद्ध अंश)



मी वैद्य नाही, वनस्पतिशास्त्रज्ञही नाही. शिक्षण कला शाखेतले आणि व्यवसाय पत्रकारितेचा. म्हणून आज मी कोणालाही औषध सांगणार नाही. जे ग्रंथांत लिहिले आहे, जे प्रयोगशाळांत तपासले गेले आहे आणि जे आपल्या डोळ्यांसमोर नाहीसे होत आहे, ते नीट मांडावे एवढीच माझी मर्यादा आणि एवढाच माझा अधिकार.

विषय आहे रानातल्या अंजिरांचा, आणि त्यांतही मुख्यतः आपल्या उंबराचा. उंबर आणि अंजीर ही एकाच वंशाची भावंडे. वड, पिंपळ, पायरी हीसुद्धा त्याच घराण्यातली. वनस्पतिशास्त्रात या वंशाला फायकस म्हणतात आणि जगभरात त्याच्या सुमारे आठशे जाती आहेत. बाजारात मिळते ते लागवडीचे अंजीर. आणि ओढ्याकाठी, बांधावर, मंदिराच्या पाराशेजारी कोणी न लावता उगवतो तो उंबर, फायकस रेसिमोसा.

महाराष्ट्राला या झाडाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. दत्तसंप्रदायात औदुंबर हे श्रीगुरूंचे निवासस्थान. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी एका क्षेत्राचे नावच औदुंबर आहे. नवग्रहांच्या होमात शुक्रासाठी समिधा उंबराच्या. संस्कृतात ‘उदुंबर’ या शब्दाचा एक अर्थ घराचा उंबरठा असाही आहे. आपल्या वैद्यकीय मापनातसुद्धा हे झाड आहे : कर्ष या मापाला शार्ङ्गधरसंहितेत उदुंबर असा पर्याय दिला आहे. भाषेत, घरात, देवघरात आणि वैद्याच्या तराजूतही ज्याला जागा मिळाली, असे वृक्ष थोडेच.

परंतु ज्याला आपण रोज प्रदक्षिणा घालतो, त्याच्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे? माझ्या मते पूजा ही ओळखीची सुरुवात आहे, शेवट नव्हे. पूजेनंतर परीक्षा यावी आणि परीक्षेनंतर पालन यावे. आजचे माझे म्हणणे एवढेच आहे.

न दिसणारे फूल

दुर्मीळ गोष्टीला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वास्तविक उंबराला फुले हजारो येतात. ती दिसत नाहीत इतकेच. आपण ज्याला फळ म्हणतो, तो आतून पोकळ असा पुष्पकोश असतो आणि त्याच्या आतल्या भिंतीला सूक्ष्म फुले चिकटलेली असतात. त्या कोशाच्या तोंडाशी एक अरुंद वाट असते. त्या वाटेने डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी एक गांधीलमाशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख गळून पडतात. ती फुलांचे परागीभवन करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्ले त्याच कोशात वाढतात आणि पुढच्या पिढीच्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या फळाच्या शोधात बाहेर पडतात. उंबराच्या या माशीचे शास्त्रीय नाव सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स. ही माशी नसेल तर उंबराला बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर या माशीला घर नाही.

उंबर फोडल्यावर किडे दिसतात म्हणून आपण नाक मुरडतो. आपल्या पूर्वजांनी मात्र नाक न मुरडता त्याची नोंद केली आणि या झाडाला ‘जंतुफल’ असे नाव दिले. चीक निघतो म्हणून ‘क्षीरवृक्ष’, यज्ञात लागतो म्हणून ‘यज्ञांग’, वर्षातून अनेकदा फळतो म्हणून ‘सदाफल’. ही नावे म्हणजे निरीक्षणांची टिपणेच आहेत.

ग्रंथांनी काय सांगितले?

आयुर्वेदाने उंबराची साल, फळ, चीक आणि मूळ या सर्वांचा विचार केला आहे. साल कषाय म्हणजे तुरट रसाची आणि शीत वीर्याची. पित्त व कफ यांचे शमन करणारी. चरकसंहितेत औषधांचे पन्नास महाकषाय सांगितले आहेत. त्यांतील मूत्रसंग्रहणीय, म्हणजे मूत्राचे अतिप्रमाण आवरणाऱ्या द्रव्यांच्या गटात जांभूळ, आंबा, वड, पिंपळ यांच्यासमवेत उंबर आहे. सुश्रुतसंहितेतील न्यग्रोधादी गणात उंबराचे नाव अगदी आरंभी येते, आणि हा गण व्रण, रक्तपित्त, दाह आणि स्त्रियांचे विकार यांवर सांगितला आहे. वड, उंबर, पिंपळ, पारीस आणि प्लक्ष या पाच सालींना मिळून पंचवल्कल म्हणतात. जखम धुण्यासाठी त्यांचा काढा वैद्य आजही वापरतात.

खेड्यापाड्यांत याच ज्ञानाचा दुसरा प्रवाह वाहत आला. गालगुंड झाले की उंबराचा चीक लावायचा, जुलाब झाले की सालीचा काढा द्यायचा, उंबराचे मूळ कापून त्याखाली रात्रभर मडके ठेवायचे आणि साचलेले पाणी उष्णतेच्या विकारांवर वापरायचे, हे आपल्या आजीला कोणत्या संहितेत शोधावे लागले नव्हते.

गुरुचरित्रात कथा आहे की, हिरण्यकशिपूच्या वधानंतर नृसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला, तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली आणि त्यांत नखे रोवताच दाह शमला. ही कथा श्रद्धेने ऐकावी. पण वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तिच्यातला एक शब्द टिपून ठेवावा : दाह. ग्रंथांनी ज्या झाडाला शीत आणि दाहशामक म्हटले, त्याच झाडाचा तोच गुण कथेनेही घराघरांत पोहोचवला. वैद्य जिथे पोहोचत नव्हता, तिथे कथेकरी पोहोचत होता.

प्रयोगशाळा काय म्हणते?

आता परीक्षेकडे वळू. तुरट चव म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत बहुतांशी टॅनिन. उंबराच्या सालीत टॅनिन भरपूर असते. टॅनिनचा गुण असा की ते प्रथिनांना चिकटते. जखमेच्या पृष्ठभागावर त्यामुळे एक संरक्षक थर तयार होतो, झिरपणारा स्राव कमी होतो, आतड्याच्या अस्तरावरही असाच आकुंचनाचा परिणाम होतो. ‘कषाय’ म्हणजे संकोच करणारा आणि ग्राही, हे वर्णन आणि टॅनिनचे हे कार्य यांत फारसे अंतर नाही. सालीतून ल्युपिऑल आणि बीटा-सिटोस्टेरॉल ही द्रव्ये वेगळी काढली गेली आहेत. दाह कमी करण्याच्या दृष्टीने या दोहोंचा अभ्यास जगभर चालू आहे. २००४ साली उंबराच्या पानांतून एक आम्ल वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. झाडाच्याच नावावरून त्याला रेसिमोसिक आम्ल म्हटले गेले. शरीरात दाह उत्पन्न करणाऱ्या दोन विकरांना ते परीक्षानळीत रोखते, असे त्या संशोधनात आढळले.

दुसरे उदाहरण उंबराच्या एका गरीब भावंडाचे. आपल्या रानात बोखाडा किंवा काळा उंबर नावाचे खरखरीत पानांचे झाड असते. त्याला कोणी प्रदक्षिणा घालत नाही. संस्कृतात ते काकोदुंबरिका किंवा मलपू. श्वित्र, म्हणजे ज्याला आपण कोड म्हणतो, त्याच्या चिकित्सेत चरकाचार्यांनी मलपूचा रस गुळासह द्यायला सांगितला आणि त्यानंतर रुग्णाला त्याच्या सहनशक्तीनुसार उन्हात बसवायला सांगितले. वनस्पती आणि ऊन ही जोडी ध्यानात ठेवा. बोखाड्याच्या पानांत बर्गॅप्टेन नावाचे द्रव्य सापडते. ते सोरालेन कुळातले. या कुळातील द्रव्ये अंधारात स्वस्थ असतात. सूर्यातील अतिनील किरण पडले की त्वचेच्या पेशींवर त्यांचा परिणाम सुरू होतो. इजिप्तमध्ये डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात दुसऱ्या एका वनस्पतीतून मिळवलेले सोरालेन कुळातील द्रव्य आणि सूर्यप्रकाश यांचा कोडावर उपयोग केला, आणि १९७० च्या दशकात त्याच तत्त्वावर सोरालेन व अतिनील-अ किरणांची उपचारपद्धती जगभर रूढ झाली.

येथे थोडे थांबले पाहिजे. ‘सोरालेन आम्हाला आधीच ठाऊक होते’ अशी टाळी घेणे सोपे आहे. पण ते खरे नाही. चरकाचार्यांना रेणू ठाऊक नव्हता. त्यांना रुग्ण ठाऊक होता. त्यांनी पाहिले, ताडले आणि लिहून ठेवले. त्यांच्या चिकित्सेत मलपूचा रस मुख्यतः रेचक म्हणून दिलेला आहे, त्यामुळे दोन उपचार एकच आहेत असेही म्हणता येत नाही. निरीक्षणाचा मोठेपणा सांगायला अतिशयोक्तीची गरज नसते. आणि जे द्रव्य रंग आणते तेच त्वचा भाजते. सोरालेन आणि ऊन यांचा मेळ चुकला तर फोड येतात, दीर्घकाळ घेतलेल्या उपचारांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून आज अनेक ठिकाणी त्याऐवजी नुसत्या अतिनील-ब किरणांचा अरुंद पट्टा वापरतात. तेव्हा रानातून पाला आणून कोडावर चोळण्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये.

तिसरे उदाहरण चिकाचे. ते आपल्या देशातले नाही, पण रानअंजिराचेच आहे. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतील लोक तिथल्या रानअंजिरांचा चीक पोटातल्या जंतांवर घेत आले आहेत. त्यातील परिणामकारक भाग म्हणजे प्रथिने पचवणारा एक विकर. १९३० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे नाव फिसिन. तो जंतांचे बाह्य आवरणच पचवू लागतो. आज रक्तपेढ्यांच्या प्रयोगशाळांत तांबड्या पेशींवर फिसिनची प्रक्रिया करून रक्तगटाच्या काही चाचण्या अधिक संवेदनक्षम केल्या जातात. जंगलातला चीक रक्तपेढीत पोहोचला, तो मोजूनमापून. त्याच चिकाची मात्रा जंगलात चुकली तेव्हा माणसे दगावलीही आहेत, कारण जंत पचवणारा विकर आतड्याचे अस्तरही सोडत नाही.

दावा आणि पुरावा

यातून एक शिस्त शिकायची आहे. उंबराच्या सालीचा अर्क प्रयोगशाळेतील मधुमेही उंदरांच्या रक्तातील साखर कमी करतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. प्रमेहावर ग्रंथांनी सांगितलेल्या द्रव्यांकडे शास्त्रज्ञांनी लक्ष द्यावे, एवढा आधार त्यातून निश्चित मिळतो. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि अर्क म्हणजे बाजारातली पुडी नव्हे. उंदरापासून रुग्णापर्यंतची वाट लांब असते : द्रव्याची ओळख, शुद्धता, मात्रा, विषारीपणाची तपासणी, मग माणसांवरील नियंत्रित चाचण्या. औषधी वनस्पतींच्या शेकडो आशादायक बातम्या या वाटेवर अर्ध्यातच थांबतात.

वृत्तपत्राच्या कचेरीत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, या अर्ध्या वाटेवरच्या बातम्याच सर्वांत जास्त खपतात. ‘मधुमेह मुळासकट बरा’ असे शीर्षक वाचून कोणी इन्सुलिन थांबवले, तर त्या रुग्णाचे नुकसान आयुर्वेदाच्या खात्यावर लिहिले जाते. चरकसुश्रुतांची बदनामी त्यांचे विरोधक करत नाहीत तेवढी असे शीर्षक करते. ज्याच्या घरी मधुमेही आहे त्याने उंबराची साल घ्यावी की नाही, हे वैद्याला विचारावे. चालू औषध आणि साखरेची तपासणी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. आणि वैद्यानेही रुग्णाची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी आधी आणि नंतर करून नोंद ठेवावी. अशा शंभर वैद्यांच्या शंभर वह्या एकत्र आल्या, तर चांगल्या चाचणीचा प्रश्न तरी नेमका विचारता येईल.

नोंदीचे सामर्थ्य

नोंदीचे सामर्थ्य किती, याचा पुरावा उंबराच्याच नावात आहे. सतराव्या शतकात मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने केरळातील वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे त्याचे बारा खंड निघाले. त्यातील ज्ञान इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे, आणि त्याच्यासमवेत रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे. या तिघांनी दिलेले प्रमाणपत्र देवनागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच खंडात ‘अत्ति-आलु’ या नावाने उंबराचे चित्र आणि वर्णन आहे. पुढे १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने उंबराला फायकस रेसिमोसा हे नाव दिले, ते याच वर्णनाचा हवाला देऊन. जगभरच्या उंबराची शास्त्रीय ओळख अशी आपल्या वैद्यांनी ओळखून दिलेल्या झाडावर उभी आहे. त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती लिहून ठेवली गेली. ज्यांनी सांगितले पण ज्यांचे कोणी लिहिले नाही, असे किती असतील?

नोंद नसेल तर काय होते, ते हळदीने शिकवले. हळदीने जखम भरते, या ‘शोधा’वर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतील दाखले सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ते भावनेने रद्द झाले नाही, छापील पुराव्याने झाले. आजीने हळद लावली हे आपल्या सर्वांना ठाऊक होते. पेटंट कार्यालयाला आजी चालत नाही, पान क्रमांक लागतो. त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत मांडून जगातील पेटंट परीक्षकांपुढे ठेवले गेले.

संहितांतले ज्ञान त्यामुळे सुरक्षित झाले. पण मडक्यात साचलेल्या उंबराच्या पाण्याचे काय? वारली, महादेव कोळी, कातकरी, गोंड या बांधवांच्या घरात असलेल्या ज्ञानाचे काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. अशा नोंदवहीची कल्पना रुजवण्यात डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. आपल्या गावच्या वहीत उंबराचे पान कोरे आहे की भरलेले, हे प्रत्येकाने जाऊन पाहावे.

पालन कसे करावे?

आणि झाडच उरले नाही तर नोंदीचा उपयोग काय? उंबर वर्षातून अनेकदा फळतो. रानात इतर फळे नसतात त्या दिवसांत हरियाल, तांबट, कोकीळ, धनेश, माकडे आणि वटवाघळे याच्यावर जगतात. म्हणून वनविद्येचे अभ्यासक या वंशाला रानाची आधारशिला मानतात. डॉ. गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून दाखवले की, देवाच्या नावाने राखलेल्या रानात अन्यत्र नाहीशा झालेल्या वनस्पती टिकून आहेत. श्रद्धेने झाडे वाचवली, हे शास्त्रज्ञांनीच नोंदवले आहे. पण देवळाजवळचा औदुंबर वाचतो आणि ओढ्याकाठचा, रस्त्याच्या रुंदीकरणात येणारा औदुंबर जातो. बोखाड्याला तर कोणी वालीच नाही. आपली श्रद्धा पारापाशी संपत असेल, तर ती अपुरी आहे.

म्हणून चार कामे सांगून माझे बोलणे आवरते घेतो. पहिले : साल हवी असेल तेव्हा खोडाभोवती गोल वलय काढू नये, तसे केल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या मरते. एका बाजूची अरुंद, उभी पट्टी घ्यावी, आणि तीही जाणत्याच्या देखरेखीखाली. दुसरे : पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीवर, गच्चीवर उंबराचे रोप उगवते. ते उपटून फेकू नये. पावसाळ्याच्या तोंडाला मुळांसह काढून ओढ्याकाठी किंवा शाळेच्या आवारात लावावे. तिसरे : शहरातील झाड तोडण्यापूर्वी १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. आपल्या प्रभागातील जुन्या उंबरांची यादी करून ती कार्यालयात देणे हे एका रविवारचे काम आहे. चौथे : घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसून, उंबर कशासाठी, कोणता भाग, किती आणि कसा वापरत असत, हे तारीख आणि गाव घालून वहीत लिहावे. ते खरे की खोटे याचा निर्णय तेव्हाच करू नये. तपासणारे पुढे तपासतील. पण लिहिलेच नाही तर तपासायला काही उरणार नाही.

येत्या दत्तजयंतीला आपण औदुंबराला प्रदक्षिणा घालूच. त्या दिवशी सोबत नातवंड असेल, तर पडलेले एक फळ उचलून त्याच्या तळहातावर फोडा, आतली बारीक फुले आणि ती चिमुकली माशी त्याला दाखवा, आणि तो विचारील त्या प्रश्नांची उत्तरे द्यायची तयारी करून जा.